आधी चित्राखालची अक्षरे, मग चेहरा: सतराव्या शतकातील दरबारी स्त्रियांच्या मुद्राचित्रांविषयी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे विवेचन इतर वाचकांनाही समजायला सोपे जाईल. दिवंगत मामांच्या संग्रहातून तुमच्याकडे एक काळसर, मखमली छटेचे मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर छापलेले चित्र, आले आहे. सैल रेशमी वस्त्र ल्यालेली, गळ्यात मोत्यांची माळ असलेली एक स्त्री त्यात आहे. खाली ‘डचेस ऑफ क्लीव्हलँड’ असे नाव आहे आणि एका कोपऱ्यात ‘लेली पिंक्सिट’ अशी बारीक अक्षरे आहेत. विक्रेत्याच्या जुन्या पावतीवर ‘सतरावे शतक, मूळ’ असे लिहिलेले आहे. मात्र इंटरनेटवर तुम्हाला जवळजवळ हीच आकृती दुसऱ्या एका सरदारपत्नीच्या नावाने सापडली. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे चित्र खरोखर त्या काळातले आहे का, ही स्त्री खरोखर अशी दिसत होती का, आणि एकाच आकृतीला दोन नावे कशी?

हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून असतीलच असे नाही. चित्र अस्सल सतराव्या शतकातले असूनही त्यातला चेहरा त्या बाईशी फारसा न जुळणारा असू शकतो, आणि दीडशे वर्षांनंतर कोरलेल्या नकलेत तिचे रूप अधिक नेमके उतरलेले असू शकते. मुळातला प्रश्न असा आहे की तुमच्या हातातला कागद नेमका कशाचा पुरावा आहे. युरोपीय मुद्राचित्रांच्या नोंदी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे आणि त्या कामात मी एक क्रम कटाक्षाने पाळते: आधी चित्राखालची अक्षरे, मग छपाईची पद्धत, मग कागद, आणि चेहरा सर्वांत शेवटी. चेहरा आधी पाहिला की मन लगेच बाजू घेते. ‘ही तीच’ असे एकदा वाटले की पुढचा प्रत्येक पुरावा त्याच बाजूने वाचला जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. फोटोवरून अक्षरे वाचता येतात आणि छपाईच्या पद्धतीचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. कागदाविषयी मात्र, तो हातात घेऊन उजेडासमोर धरल्याखेरीज, कोणीही ठामपणे बोलू नये. त्यामुळे खाली मी निकाल देत नाही, तर निकालापर्यंत कसे जायचे ते सांगते आहे.

अक्षरांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त माहिती तिथेच असते. तुमच्या चित्रातली बाई म्हणजे बार्बरा व्हिलियर्स. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा ती त्याची सर्वांत प्रभावी प्रेयसी होती. १६६१ मध्ये तिच्या नवऱ्याला अर्ल ऑफ कॅसलमेन ही पदवी मिळाली आणि ती लेडी कॅसलमेन झाली; १६७० मध्ये राजाने तिला स्वतःच्या हक्काने डचेस ऑफ क्लीव्हलँड केले. याचा अर्थ असा की ज्या छापावर ‘डचेस ऑफ क्लीव्हलँड’ लिहिलेले आहे, तो छाप १६७० च्या आधीचा असूच शकत नाही. हीच कसोटी त्या दरबारातल्या इतर स्त्रियांनाही लागू पडते. फ्रान्सेस स्टुअर्ट १६६७ मध्ये लग्नामुळे डचेस ऑफ रिचमंड झाली. लुईज द केरुआल ही फ्रेंच तरुणी १६७३ मध्ये डचेस ऑफ पोर्ट्‌समथ झाली. ‘डचेस ऑफ यॉर्क’ हे नाव असेल तर अधिक काळजी घ्यावी लागते, कारण त्या पदवीच्या स्त्रिया लागोपाठ दोन झाल्या: १६७१ मध्ये वारलेली अ‍ॅन हाइड, आणि १६७३ पासून मेरी ऑफ मोडेना, जी पुढे १६८५ मध्ये राणी झाली. नावाचा आणि पदवीचा मेळ घालून मगच साल ठरवावे लागते.

परंतु या कसोटीला एक मर्यादा आहे आणि ती विसरली की चूक होते. तांब्याच्या प्लेटवरची अक्षरे बदलता येतात. जुनी अक्षरे खरवडायची, मागून ठोकून तो भाग वर आणायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि नवी अक्षरे कोरायची, हे त्या काळच्या प्रकाशकांचे नेहमीचे काम होते. बाईची पदवी वाढली, दुकानाचा मालक बदलला किंवा पत्ता बदलला की प्लेट तीच राहून खालची ओळ बदलत असे. प्लेटच्या अशा प्रत्येक टप्प्याला आम्ही ‘स्टेट’ म्हणतो. म्हणून पदवीवरून अक्षरांचे वय कळते. चित्राची कोरणी त्याहून जुनी असू शकते. तुमच्या छापावर नावाच्या आसपास पुसट ओरखडे किंवा जुन्या अक्षरांचे अर्धवट अवशेष दिसतात का, हे भिंगाखाली जरूर पाहा. कॅसलमेन या नावाची एखादी रेघ तिथे उरलेली दिसली, तर तो मोलाचा धागा ठरेल.

आता कोपऱ्यातली बारीक अक्षरे. ‘पिंक्सिट’ म्हणजे ज्याने मूळ तैलचित्र रंगवले तो. ‘स्कल्पसिट’ किंवा ‘फेकिट’ म्हणजे ज्याने प्लेट तयार केली तो. आणि ‘एक्सकुडिट’ म्हणजे ज्याने ती छापून विकली तो. तुमच्या चित्रावर फक्त लेलीचे नाव असेल, तर त्याने ही प्लेट कोरलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. पीटर लेली हा चार्ल्सचा मुख्य चित्रकार होता. त्याच्या चित्रांवरून इतरांनी प्लेटा तयार केल्या. लेलीच्या नावामागे ‘सर’ किंवा लॅटिनमध्ये ‘एक्वेस’ अशी सरदारकीची खूण असेल तर ती अक्षरे १६८० किंवा त्यानंतरची आहेत, कारण त्याला सरदारकी मिळाली ती १६८० मध्येच, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला. लंडनचा प्रकाशक रिचर्ड टॉम्प्सन याने लेलीच्या चित्रांवरून बरीच मुद्राचित्रे काढली. त्यांवर ‘आर. टॉम्प्सन एक्सकुडिट’ असे असते आणि प्लेट प्रत्यक्ष कोणी केली त्याचे नावच नसते. जुन्या याद्यांमध्ये त्यालाच कलाकार धरलेले दिसते. तो व्यापारी होता, इतकेच त्या शब्दावरून सिद्ध होते.

आणखी एक ओळ शोधा. ‘पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रकाशित’ अशा आशयाचा इंग्रजी मजकूर आणि त्यापुढे तारीख असेल, तर चित्र सतराव्या शतकातले नाही. कोरीव चित्रांच्या मालकी हक्काचा कायदा इंग्लंडमध्ये १७३५ मध्ये झाला आणि हक्क मिळवण्यासाठी प्लेटवर नाव व तारीख घालणे त्याने आवश्यक केले. ही एक ओळ दिसली की पहिल्या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो.

पद्धतीकडे वळू. तुम्ही ‘मखमली काळा’ असे वर्णन केले आहे, त्यावरून हे मेझोटिंट असावे. या तंत्राचा इतिहास तुमच्या विषयाशी फार जवळून जोडलेला आहे. लुडविग फॉन झीगेन या जर्मन हौशी कलावंताने १६४२ मध्ये काढलेले अमेलिया एलिझाबेथ हिचे व्यक्तिचित्र हे जगातले पहिले मेझोटिंट मानले जाते. हेसे-कासेल संस्थानाची ही विधवा राज्यकर्ती अल्पवयीन मुलाच्या वतीने, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, कारभार पाहत होती. पुढच्याच वर्षी झीगेनने बोहेमियाच्या एलिझाबेथ राणीचे चित्र याच पद्धतीने केले. म्हणजे या तंत्राचा जन्मच राजघराण्यातल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर झाला. त्याच एलिझाबेथचा मुलगा प्रिन्स रूपर्ट याने हे तंत्र आत्मसात केले आणि १६६० नंतर ते इंग्लंडमध्ये रुजले. तिथे ते इतके वाढले की युरोपभर त्याला इंग्रजी पद्धत म्हणू लागले.

तंत्र असे आहे. दातेरी, गोल धारेचे एक हत्यार तांब्याच्या प्लेटवर वेगवेगळ्या दिशांनी डोलवत फिरवतात. आपल्याकडे गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून तो खरखरीत करतात, तशी सगळी प्लेट बारीक खळग्यांनी आणि वर आलेल्या कंगोऱ्यांनी भरून जाते. या अवस्थेत शाई भरून छापली तर कागद पूर्ण काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे ते कंगोरे खरवडायचे आणि घासायचे. कपाळ, गाल, रेशमाची घडी, मोत्याचा ठिपका असे सगळे अंधारातून बाहेर काढायचे. बुरिन नावाच्या टोकदार हत्याराने रेघ कोरणारा कारागीर पांढऱ्यावर काळे चढवत जातो, तर मेझोटिंटचा कारागीर काळ्यातून पांढरे उकरतो. लेलीच्या चित्रांतली ओघळती वस्त्रे आणि मंद उजेडातली त्वचा या पद्धतीला फार मानवली, यात नवल नाही.

खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे कंगोरे लवकर झिजतात. रेघेने कोरलेल्या प्लेटवरून डागडुजी करत करत हजारावर प्रती निघू शकतात. मेझोटिंटच्या पहिल्या शंभरेक प्रती चांगल्या येतात आणि मग काळा रंग करडा होऊ लागतो. तुमच्या प्रतीतला पार्श्वभूमीचा काळा भाग भिंगाखाली पाहा. तो खोल आणि दाट असेल, बारीक ठिपक्यांची एकमेकांवरून गेलेली जाळी दिसत असेल आणि सावलीतल्या घड्या वेगळ्या ओळखू येत असतील, तर प्रत आधीची आहे. सगळीकडे एकच करडेपणा असेल आणि मध्येच डोळे, ओठ किंवा केस मात्र खटकतील इतके ठळक असतील, तर झिजलेली प्लेट नंतर कोणीतरी पुन्हा कोरून घेतली आहे. आणि भिंगाखाली समान अंतरावर, सरळ ओळींत बसवलेले गोल ठिपके दिसले, तर ते आधुनिक छपाईयंत्राचे पुनर्मुद्रण आहे. पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

कागदाविषयी थोडक्यात सांगते. सतराव्या शतकातला कागद तारांच्या चाळणीवर हाताने काढलेला असे. उजेडासमोर धरला तर त्यात जवळजवळ असलेल्या बारीक समांतर रेषा आणि त्यांना काटकोनात, साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावर, ठळक रेषा दिसतात. कुठेतरी पाणखूणही दिसू शकते. रेषा नसलेला, सर्वत्र एकसारखा कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात आला, आणि तो असेल तर तुमची प्रत सतराव्या शतकातली नाही. याचे उलट विधान मात्र खरे नाही: रेषांचा कागद पुढेही खूप काळ वापरात राहिला, त्यामुळे रेषा दिसल्या म्हणून प्रत जुनी ठरत नाही. तसेच प्लेटचा दाब पडून कागदावर उमटलेली चौकट आहे का ते पाहा. जुन्या संग्राहकांना कडा चित्रापर्यंत कापण्याची सवय होती, त्यामुळे चौकट नसणे हा दोष असला तरी नकलेचा पुरावा नव्हे.

नंतरच्या नकला इतक्या का आहेत, हेही सांगायला हवे, कारण बाजारात दिसणारी ‘सतराव्या शतकातल्या सुंदरींची’ बहुतेक चित्रे नंतरची असतात. अ‍ॅन हाइडने १६६० च्या दशकात लेलीकडून दरबारातल्या स्त्रियांची एक चित्रमालिका करून घेतली. ती ‘विंडसर ब्युटीज’ म्हणून ओळखली जाते आणि आज हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहे. बार्बरा तिच्यात मिनर्व्हा देवीच्या वेषात आहे. अठराव्या शतकात टॉमस वॉटसनने या मालिकेवरून मेझोटिंटे केली. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजरचा इंग्लंडच्या नामांकित व्यक्तींचा कोश निघाला आणि त्यासोबत छापील चेहरे जमवण्याची लाटच आली. लोक जुन्या ग्रंथांतून चित्रे कापून आपल्या प्रतींत चिकटवू लागले. १८२५ मध्ये सॅम्युअल पेपिसची रोजनिशी पहिल्यांदा छापून आली आणि चार्ल्सच्या दरबाराविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. १८३३ मध्ये अ‍ॅना जेमसन यांचे याच स्त्रियांवरचे सचित्र पुस्तक आले. एकोणिसाव्या शतकातल्या या कोरणीत रेघा अतिशय बारीक, फिक्या आणि यंत्रासारख्या नियमित असतात. चेहरेही त्या काळच्या आवडीप्रमाणे गोड केलेले असतात. तुमच्या चित्राला खरोखरच मखमली काळा असेल तर ते या गटातले नसावे. मात्र अठराव्या शतकातले मेझोटिंट असण्याची शक्यता अक्षरे आणि कागद तपासल्याशिवाय बाजूला सारता येणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ती खरोखर अशी दिसत होती का?

इथे एक साक्षीदार आपल्याकडे आहे, तो पेपिस. नौदलाच्या कचेरीतला हा अधिकारी बार्बराच्या रूपाचा चाहता होता आणि मुद्राचित्रांचा चोखंदळ ग्राहकही. नोव्हेंबर १६६६ मध्ये तो विल्यम फेथोर्न या कोरणी-कलाकाराच्या दुकानात गेला. तिथे त्याने लेलीच्या तैलचित्रावरून फेथोर्नने रंगीत खडूंनी काढलेले लेडी कॅसलमेनचे रेखाचित्र पाहिले. त्याला ते विकत हवे होते, पण प्लेट पूर्ण होईपर्यंत ते मिळणार नाही असे त्याला सांगण्यात आले. १ डिसेंबरला तो परत गेला, त्याच दिवशी छापून निघालेल्या तीन प्रती त्याने घेतल्या, आणि हे चित्र उत्तम आहे, तिच्यासारखे आहे, अशी नोंद केली. तिला अनेकदा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. पण याच पेपिसने ऑगस्ट १६६८ मध्ये लेलीची विंडसर मालिकेतली चित्रे पाहिली, तेव्हा त्याचे मत होते की चित्रे चांगली आहेत, पण त्या स्त्रियांसारखी नाहीत. म्हणजे त्या काळच्या माणसालाही साम्य आणि सौंदर्य यांतला फरक दिसत होता, आणि एकाच चित्रकाराच्या बाबतीत दोन्ही निकाल देता येत होते.

याचे कारण लेलीच्या चित्रशाळेच्या कामाच्या पद्धतीत आहे. चेहरा तो स्वतः, बाई समोर बसलेली असताना रंगवत असे. हात, वस्त्रे, पार्श्वभूमी सहायक पूर्ण करत. बसण्या-उभे राहण्याच्या ढबी ठरलेल्या होत्या आणि त्यांना क्रमांकही दिलेले होते. त्यातच दरबाराची एक आवड तयार झाली होती: जड पापण्या, किंचित उतरलेली नजर, भरलेला खालचा ओठ. ही आवड प्रामुख्याने बार्बराच्याच चेहऱ्यावरून घडली असे मानतात. तसे असेल तर तिचे चित्र तिच्या बरेच जवळचे आणि इतर स्त्रियांची चित्रे मात्र थोडी थोडी ‘बार्बरा’ झालेली, असे समजायला जागा आहे. त्या तैलचित्रावरून कोणी रेखाचित्र काढले, रेखाचित्रावरून प्लेट केली, आणि छापताना ती उलटी उमटली. तैलचित्रात उजवीकडे पाहणारी बाई मुद्राचित्रात बहुधा डावीकडे पाहते. प्रत्येक पायरीवर थोडे साम्य गळते आणि थोडी शैली चढते.

म्हणूनच कोणते मुद्राचित्र कशावरून काढले आहे, यावर साम्याची खात्री अवलंबून असते. पॅरिसचा रोबेर नांतेय अनेकदा माणसाला समोर बसवून स्वतः चित्र काढत असे आणि स्वतःच त्यावरून प्लेट कोरत असे. मधली पायरीच नसल्यामुळे त्याच्या दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रांतल्या अशा चेहऱ्यांवर मी पुष्कळ भरवसा ठेवते. दुर्दैवाने त्यांत स्त्रिया मोजक्याच आहेत, आणि त्यांतही स्वीडनच्या क्रिस्तिना राणीचे १६५४ चे चित्र त्याने दुसऱ्या चित्रकाराच्या चित्रावरून केले. लंडनच्या बाबतीत ताडून पाहायचे असेल तर सॅम्युअल कूपरची लघुचित्रे पाहावीत. बार्बरा आणि फ्रान्सेस स्टुअर्ट या दोघींची, त्यांना समोर बसवून काढलेली, अपूर्ण राहिलेली लघुचित्रे इंग्लंडच्या राजसंग्रहात आहेत. अपूर्ण असल्यामुळेच ती उपयोगी आहेत, कारण त्यांत चेहरा आहे आणि सजावट नाही. फ्रान्सेसच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावे की १६६८ मध्ये तिला देवी झाल्या होत्या, पण तिची मुद्राचित्रे पुढेही आधीच्या नितळ चेहऱ्यावरूनच निघत राहिली.

कधी कधी मुद्राचित्र चेहऱ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची उत्तम साक्ष देते. चार्ल्सची राणी कॅथरिन ऑफ ब्रगांझा हिचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल, कारण १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई बेट आंदण दिले ते हिच्याच लग्नात. १६६२ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली तेव्हाचे, डर्क स्टूपच्या चित्रावरून फेथोर्नने कोरलेले, तिचे एक मुद्राचित्र आहे. त्यात तिचे केस पोर्तुगीज पद्धतीने दोन्ही बाजूंना फुलवलेले आहेत आणि पोशाखही पोर्तुगीज दरबाराचा, कमरेपासून दोन्हीकडे ताठ पसरलेला आहे. लंडनमध्ये या पोशाखाची चर्चा झाली, टिंगलही झाली, आणि थोड्याच काळात तिने इंग्रजी पद्धतीची वस्त्रे स्वीकारली. नंतरची तिची चित्रे पाहिली तर तीच बाई ओळखू येणार नाही इतकी बदललेली दिसते. फेथोर्नचा तो कागद तिच्या नाकडोळ्यांची हमी देत नसेल. परक्या देशात नुकतीच उतरलेली राणी लोकांना कशी दाखवली गेली, याची मात्र तो पक्की साक्ष आहे. त्या कागदासमोर मी दरवेळी थोडी अधिक थांबते.

आता तिसरा प्रश्न, एक आकृती आणि दोन नावे. हे तीन प्रकारे घडते. पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी प्रकार वर आलाच आहे: लेलीच्या चित्रशाळेत एकच ढब अनेक स्त्रियांना दिली जाई. अशा वेळी हात, वस्त्र, खडक आणि झाड सारखेच असतात, पण चेहरा आणि केसांच्या बटा बारकाईने पाहिल्या तर वेगळ्या असतात. तुमच्या बाबतीत हीच शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे प्लेटच बदलणे. याचे प्रसिद्ध उदाहरण पुरुषांचे आहे. प्येर लोंबार याने कोरलेल्या घोडेस्वाराच्या एकाच प्लेटवर वेगवेगळ्या स्टेटमध्ये क्रॉमवेल, चौदावा लुई आणि पहिला चार्ल्स यांची डोकी बसवली गेली, आणि एका स्टेटमध्ये तर स्वाराला डोकेच नाही. गादी बदलली की नवा तांब्याचा पत्रा घेण्यापेक्षा जुने डोके घासून टाकणे स्वस्त पडत असे. पॅरिसच्या र्‍यू सँ-झाक या रस्त्यावरच्या बोनार बंधूंसारख्या प्रकाशकांनी शतकाच्या शेवटच्या दशकांत दरबारी वेषांची शेकडो चित्रे विकली. त्यांत काहींवर नुसते ‘कुलीन स्त्री’ असे लिहिलेले असते आणि काहींवर एखाद्या राजकन्येचे नाव. चेहरे बहुतेक एकाच साच्यातले. ती चित्रे वस्त्रांच्या अभ्यासाला अनमोल आहेत, पण व्यक्तिचित्रे म्हणून मी त्यांचा आधार घेत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ चुकीचे नाव. एखाद्या विक्रेत्याने, संग्राहकाने किंवा वेबसाइटने अधिक प्रसिद्ध बाईचे नाव लावून दिलेले असते, आणि मग ते एकमेकांवरून उतरवले जाते. चार्ल्सचीच दुसरी एक प्रेयसी नेल ग्विन आणि बार्बरा या दोघींच्या नावावर अशी कितीतरी अनोळखी स्त्रियांची चित्रे जमा झालेली आहेत. छापील चित्राखालच्या नावाचा भरवसा किती धरावा, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको: शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात असलेले चित्र वस्तुतः दुसऱ्याच सरदाराचे आहे हे दाखवून वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथकार व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातले चित्र १९३३ मध्ये पुढे आणले, तोपर्यंत त्या चुकीच्या चित्राला लोक मनोभावे हार घालत होते.

तर तुमच्यापुरते सांगायचे झाले तर असे: चित्रावर ‘डचेस’ आहे म्हणून अक्षरे १६७० नंतरची, ‘सर’ किंवा ‘एक्वेस’ असेल तर १६८० किंवा त्यानंतरची, कायद्याची ओळ असेल तर १७३५ नंतरची, काळा रंग आणि कागद यांवरून तुमची विशिष्ट प्रत आधीची की उशिराची ते कळेल. आणि चेहरा बार्बराचा असला तरी तो लेलीच्या, मग कारागिराच्या हातून आलेला आहे. किमतीविषयी मी काही लिहिणार नाही. ती प्रतीचा दर्जा, कडा, स्टेट आणि त्या वेळची मागणी यांवर इतकी अवलंबून असते की फोटोवरून सांगितलेला आकडा तुमची दिशाभूलच करेल.

पुढे काय करावे तेही सांगते. चित्र फ्रेममधून काढायचे असेल तर कागदाचे काम करणाऱ्या संवर्धकाकडून काढून घ्या. मागचा जुना पुठ्ठा बहुधा आम्लयुक्त असतो आणि चित्राला चिकटलेलाही असतो. तो ओढून काढू नका, पाण्याने तर मुळीच भिजवू नका. तुम्ही कोकणात राहता असे लिहिले आहे, तेव्हा पावसाळ्यात ते बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. मेझोटिंटचा काळा थर कागदावर जरा वर बसलेला असतो. बुरशी पुसायला बोट किंवा कापड फिरवले तर तो निघून येतो आणि परत लावता येत नाही.

तपासणीसाठी लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, तसेच अ‍ॅमस्टरडॅमचे रेक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवरचे संग्रह विनामूल्य पाहता येतात. तिथे बार्बराच्या नावाने शोधा, पण ताडताना चेहरा नव्हे, तर अक्षरांची मांडणी, ओळी कुठे तुटतात ते, आणि प्लेटच्या चौकटीची मिलिमीटरमधली मापे ताडा. पावतीवर ‘सी. एस.’ अशी अक्षरे आणि एखादा आकडा असेल तर तो जॉन चॅलोनर स्मिथ यांच्या ब्रिटिश मेझोटिंट व्यक्तिचित्रांच्या, १८७८ ते १८८३ या काळात निघालेल्या, सूचीतला क्रमांक असण्याची शक्यता आहे. ती सूची स्टेटनिहाय असल्यामुळे काम फार सोपे होईल. हे सगळे झाल्यावर इथे पुन्हा लिहा आणि सोबत चार फोटो द्या: खालची सगळी अक्षरे वाचता येतील असा एक, पार्श्वभूमीच्या काळ्या भागाचा भिंगातून घेतलेला एक, कागद उजेडासमोर धरून घेतलेला एक, आणि पावतीचा एक. इंटरनेटवर सापडलेल्या त्या दुसऱ्या नावाच्या चित्राचा दुवाही द्या, म्हणजे दोन्ही चेहरे शेजारी ठेवून पाहता येतील.